पाहुण्यांचं पाणी

गाइड सरांनी माझ्या विषयाचा कागद वाचला आणि मान वर करून माझ्या दातांकडं बघितलं. कागदावर लिहिलं होतं: शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या एका गावच्या बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड. सरांनी विचारलं, हे तुमचंच गाव का? मी हो म्हटलं. "मग दिसतंच आहे," म्हणाले, आणि शेजारच्या टेबलावरच्या दुसऱ्या सरांकडं बघून हसले. मी पण हसले, तोंडावर हात ठेवून. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

माझे वरचे पुढचे चार दात तपकिरी आहेत. घासून जात नाहीत, कारण डाग वरून लागलेला नाही, दात बनतानाच आत बसलेला आहे. उदगीरला शाळेत पोरं मला गुटखा म्हणायची. नांदेडला कॉलेजात आल्यावर पोरी शहाण्या होत्या, तोंडावर काही म्हणायच्या नाहीत, पण फोटो काढताना मात्र, तू मागं उभी राहा, तू उंच आहेस, असं म्हणायच्या. मी अजिबात उंच नाही. हसताना हात वर जायची सवय इतकी मुरलीय की खोलीत एकटीच मोबाइल बघत असले तरी हात आपोआप तोंडावर जातो. लोक म्हणतात मला नाकावर राग आहे. आहे. तो कुठून आला ते कुणी विचारत नाही.

आईची शाळेतली नोकरी उमरीला, वडिलांचं धान्याचं आडत दुकान उदगीरच्या मोंढ्यात, आणि मी मधल्यामधे आत्याच्या गावी. सहा वर्षांची होईपर्यंत मी आत्याकडंच वाढले. तिच्या अंगणात बोअर होता. पाणी मचूळ, पितळी तांब्यावर पांढरी पुटं चढायची, डाळ शिजता शिजायची नाही. पण मी तेच पिऊन मोठी झाले आणि मला ते गोड लागायचं. मग एम.एस्सी.ला पर्यावरणशास्त्र घेतलं आणि एका दुपारी वर्गात पडद्यावर फ्लोराइडच्या पाण्यानं खराब झालेले दात दाखवले. हुबेहूब माझे दात. सगळा वर्ग पडद्याकडं बघायचा सोडून माझ्याकडं बघायला लागला. मी त्याच दिवशी ठरवलं की प्रकल्प करीन तर याच पाण्यावर.

नुसता सूड म्हणून नाही. आत्याच्या घरात आता तिची नात आहे, साडेतीन वर्षांची, दिवसभर अंगणात उघड्या पायांनी पळणारी. तिचे दुधाचे दात पांढरेशुभ्र आहेत, माझेही होते. पक्के दात दुधाचे दात पडायच्या कितीतरी आधीपासून हिरडीच्या आत बनत असतात, आणि त्या वर्षांत जे पाणी पोटात जातं त्याचा डाग जन्मभर राहतो. म्हणजे तिच्यासाठी वेळ होता, पण थोडा. मी आत्याला हे सांगून बघितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुझ्या तोंडच्या बोलण्यावर घरातले ऐकत न्हाईत बाई, शिक्क्याचा कागद आण. मला तो कागद पाहिजे होता. पदवी त्याच्या मागून आली असती तरी चाललं असतं.

आमच्या वर्गात बाकीच्यांनी चार-चारचे गट करून गोदावरी घेतली होती. गोदावरी सोपी. कॉलेजपासून रिक्षानं जाता येतं आणि आधीच्या पोरांच्या फायली कपाटात तयार असतात. घाटावर उभं राहून फोटो काढायचा, आकडे थोडे इकडंतिकडं करायचे, झाला प्रकल्प. मी एकटीनं स्वतंत्र विषय मागितला तेव्हा गाइड सरांचा चेहराच उतरला, कारण माझ्यासाठी त्यांना वेगळं वाचावं लागणार होतं. स्वतंत्र म्हणजे स्वतःच्या जबाबदारीवर बरं का मॅडम, असं बजावून त्यांनी सही केली. ते मला मॅडम म्हणायचे. त्या शब्दात मान नव्हता हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

गावात पहिल्यांदा गेले तेव्हा पारावर एक पुढारी बसलेला होता. पुढारी म्हणजे पदावर नाही, पण त्याला विचारल्याशिवाय गावात बैठक होत नाही असा माणूस, आत्याच्या गल्लीतलाच. मी काका म्हणून नमस्कार केला, काय करायला आले ते सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "पोरी, तू शिकून राहिलीस, चांगली गोष्ट हाय. पण गावाचं नाव पेपरात घालू नको. पाणी खराब म्हणून एकदा बोभाटा झाला तर आमच्या पोरी कोण करंल, अन् आमच्या पोरांना पोरी कोण दील?" मी म्हटलं, गावाचं नाव कुठंही येणार नाही, प्रकल्पात गावाला नुसतं अक्षर देतात. तो हसला आणि म्हणाला, नाव घालायला अक्षर लागत न्हाई, तुझं तोंड बघितलं की कळतंय. बसलेली चार माणसं हसली. मी मनात त्याला जे काही म्हटलं ते इथं लिहिता येणार नाही.

दर खेपेला मला नांदेडहून गावात जाणं शक्य नव्हतं. प्रयोगशाळेची हजेरी कडक होती. म्हणून मी आत्याच्या हातात सहा-सहा प्लॅस्टिकच्या बाटल्या दिल्या, चिठ्ठ्या चिकटवून: आत्याचं धरून पाच घरांच्या पाच आणि शाळेपुढच्या हापशाची एक. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, काठोकाठ भरायची, घट्ट झाकण लावायचं. थेट बोअरचं पाणी, माठातलं नाही, टाकीतलं नाही. हे मी आत्याला आणि बाकीच्या चार घरच्या बायांना अंगणात बसवून दोन-दोनदा सांगितलं, त्यांच्याकडून वदवूनही घेतलं. गावची तूर उदगीरच्या मोंढ्यात यायची, त्या गाडीबरोबर बाटल्या वडिलांच्या दुकानात यायच्या, आणि रविवारी मी उदगीरला येऊन त्या पिशवीत घालून एस.टी.नं नांदेडला न्यायची. पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही कधी. तीन महिन्यांत तीन खेपा अशा झाल्या.

फ्लोराइड तपासायची आमच्याकडची रीत साधी होती. पाण्यात लाल रंगाचं एक रसायन घालायचं. फ्लोराइड असेल तर लाल उतरून फिका पडतो, जितका जास्त फिका तितकं फ्लोराइड जास्त. मी पहिल्या सहा बाटल्यांत रसायन घातलं. लाल तसाच. मला वाटलं रसायन शिळं झालं असेल, म्हणून नवीन बनवलं. तरी लाल तसाच. दुसऱ्या खेपेला तेच, तिसऱ्या खेपेलाही तेच. सहाच्या सहा नळ्या ओळीनं लालभडक उभ्या, आणि समोर मी, माझे दात घेऊन.

गाइड सर मात्र खूश झाले. पहिल्यांदा त्यांनी माझ्या वहीकडं नीट बघितलं आणि म्हणाले, उत्तम, पाणी पिण्यायोग्य निघालं, लिहून टाका आणि मोकळ्या व्हा. मी म्हटलं सर, हे होऊच शकत नाही, त्या पाण्यानं तांब्यावर पुटं चढतात. तर म्हणाले, "मॅडम, तुमच्या गावचं पाणी वाईटच निघालं पाहिजे हा हट्ट कशासाठी? दात सांभाळले नाहीत त्याला पाणी काय करणार?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण खरं सांगायचं तर त्या बोलण्याचा पहिला अर्धा भाग मला लागला, कारण तो बरोबर होता. मला ते पाणी वाईटच निघायला पाहिजे होतं. मी वही उचलली, प्रयोगशाळेत गेले आणि कपाटातून पाण्यातले क्षार मोजायचं पेनासारखं यंत्र काढलं. ते मी आधी वापरायला पाहिजे होतं, माझा सगळा जीव त्या लाल रंगातच अडकला होता. यंत्र एकेका बाटलीत बुडवलं. सहाही बाटल्यांत आकडा एकच. पाच वेगळ्या घरांचे पाच वेगळे बोअर, कुणाचा उथळ, कुणाचा लई खोल, शिवाय हापसा, आणि सगळ्यांत क्षार सारखे, तेही नावाला. जमिनीतून आलेलं पाणी असं असत नाही. कुणीतरी बाटल्या बदलल्या होत्या. आणि कुणी बदलल्या असतील याबद्दल माझ्या मनात शंकाही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघाले, मधे गाडी बदलून दुपारी गावात उतरले. आत्याच्या घरी न जाता सरळ पारावर. पुढारी तिथंच होता. मी त्याला दहा माणसांसमोर सुनावलं. स्वतःच्या गावच्या लेकरांच्या तोंडात माती घालता, म्हटलं, सोयरिकीसाठी पोरांचे दात कुजवता, लाज वाटत नाही का. आणखी बरंच म्हटलं. तो उठून उभा राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं एवढंच विचारलं की कोणत्या बाटल्या, मी बाटलीला हात तरी लावला का. मी म्हटलं नाटकं करू नका, आणि पाठ फिरवून आत्याच्या घरी आले.

आत्या नुकतीच लिंगपूजा आटोपून उठली होती, कपाळावर विभूतीच्या रेघा ताज्या होत्या. पूजा झाल्याशिवाय ती दुपारचं जेवत नाही. मला बघून तिनं आधी पाणी आणलं, मी ते गटागटा प्यायले आणि प्यायल्या प्यायल्या सगळं बोलून टाकलं. बाटल्या त्या माणसानं बदलल्या, मी त्याला पारावर चांगला धुतला, आता तक्रार करणार आहे. आत्या ऐकत राहिली. मग खाली बसली.

"त्यानं न्हाई गं," ती म्हणाली. "आम्हीच भरल्या. जारच्या."

मला काही कळेना. तिनं पुढच्या खोलीकडं बोट केलं. तिथं लाकडी स्टुलावर निळा जार होता, तालुक्याहून गाडीवर येतो तो, फिल्टरच्या पाण्याचा, वर विणलेला रुमाल घातलेला. मग तिनं सगळं सांगितलं. बाटल्या आल्या तेव्हा बाकीच्या चारही बाया तिच्या अंगणात जमल्या होत्या. बोअरचं भरायचं हे सगळ्यांना माहीत होतं. पण एकीनं विचारलं की हे पाणी जाणार कुणाकडं, आत्यानं सांगितलं नांदेडच्या सरांकडं. मग एकेकीचा हात अडला. काही वर्षांपूर्वी आत्याच्या धाकट्या लेकीला बघायला लातूरचे पाहुणे आले होते, त्यांनी पाण्याचा घोट तोंडात घेतला आणि सगळ्यांदेखत अंगणात थुंकला. ती सोयरीक तिथंच मोडली. त्या दिवसापासून गल्लीतल्या घराघरात पाहुण्यांसाठी जार ठेवायची पद्धत पडली. पूजेला जंगम स्वामी आले तरी जारचं, मास्तर आले तरी जारचं. उंबऱ्याबाहेर जाणारं पाणी बोअरचं द्यायचं नाही म्हणजे नाही. बायांनी एकमेकींच्या तोंडाकडं बघून आत्याच्या जारमधून सहाही बाटल्या भरल्या. मी सांगितल्याप्रमाणे तीनदा विसळून. तिन्ही खेपांना.

"तुझ्या सरांफुडं आमचं खारं पाणी ठिवायचं व्हय? तुझंच नाव गेलं असतं," आत्या म्हणाली.

मी ओरडले. आत्यावर मी जन्मात पहिल्यांदा ओरडले. तुमच्या मानपानापायी माझे तीन महिने मातीत गेले, म्हटलं, अडाणीपणाची पण हद्द असते. तिची नात दारात उभी राहून माझ्याकडं टकामका बघत होती, हातात स्टीलचा छोटा गिलास. मला ती दिसली आणि दिसली नाही. मला त्या वेळी फक्त माझ्या बाटल्या दिसत होत्या.

त्याच दिवशी मी स्वतः पाचही घरी जाऊन बोअर चालू करायला लावले, हापसा मारला, बाटल्या स्वतः भरल्या. कुणी बाई माझ्याशी बोलली नाही. पारावरून जावं लागलं तेव्हा पुढाऱ्यानं मान फिरवली. माफी मागायला पाहिजे होती. नाही मागितली, माझी जीभच वळली नाही, आणि पुढंही कधी मागितली नाही. आजही तो मला बघून तोंड फिरवतो, आणि बरोबर करतो.

नांदेडला नळ्यांमधे रसायन घातलं आणि लाल उतरला. आत्याच्या बोअरच्या नळीत तर रंग पार उडाला, फिक्कट गुलाबीसुद्धा राहिला नाही. मी त्या नळीकडं बघत कितीतरी वेळ उभी राहिले. आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. आणि त्या आनंदाची लगेच किळसही आली, कारण त्या पाण्यावर साडेतीन वर्षांचं एक लेकरू वाढत होतं.

गाइड सरांनी नवे आकडे घ्यायला नकार दिला. म्हणाले एका खेपेवर निष्कर्ष निघत नाही, आधीच्या तीन खेपा तुमच्याच सहीच्या आहेत, त्या द्या नाहीतर पुढच्या सत्रात या. आधीच्या तीन खेपा दिल्या असत्या तर माझ्या हातात शिक्क्याचा कागद आला असता, पाणी पिण्यायोग्य आहे असं सांगणारा, आणि आत्यानं तो चौकट करून भिंतीला लावला असता. मी पुढच्या सत्रात यायचं कबूल केलं. माझ्या वर्गाच्या निरोप समारंभाचा फोटो आहे, त्यात मी नाही, मागंसुद्धा नाही. वडील दुकानातून फोनवर एवढंच म्हणाले की खामखा डोकं लावून राहिलीस, लोकं कशी पास होतात बघ. ते सहा महिने मी महिन्यातून दोनदा गावात गेले, प्रत्येक बाटली स्वतः भरली. सर त्या सहा महिन्यांत एकदाही प्रयोगशाळेत डोकावले नाहीत. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी आधीच्या तीन खेपांचं काय झालं ते विचारलं. मी सगळं सांगितलं, जार, रुमाल, लातूरचे पाहुणे. त्या हसल्या नाहीत. हे प्रकल्पात लिहा, म्हणाल्या, आणि सरांकडं बघून म्हणाल्या की हे तुम्ही आधी वाचलं नव्हतं का. सरांनी टेबलावरचा पेन उचलून खिशाला लावला. मला एवढी मजा आयुष्यात क्वचितच आली असेल.

तर कागद मिळाला. शिक्क्याचा, सहीचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी तो आत्याकडं घेऊन गेले. उन्हाळा तापला होता. आत्यानं आधी हात धुतले, मग कागद घेतला. तिला वाचता येतं, हळूहळू. ती ओठ हलवत वाचत गेली: सदर पाणी लहान मुलांना पिण्यास देऊ नये. वाचून झाल्यावर तिनं कागद कपाळाला लावला आणि देवघरात नेऊन ठेवला. म्हणाली, लई मोठं काम केलंस बाई. मागचं ओरडणं ती विसरली होती किंवा तसं दाखवत होती. मी पुढच्या खोलीत पंख्याखाली बसले. मला वाटलं, झालं, संपलं एकदाचं.

तेवढ्यात नात अंगणातून धावत आली, घामानं निथळत, पाणी दे म्हणत. आत्या उठली. जारची तोटी दाबून तिनं एक गिलास भरला, बशी खाली धरून माझ्यासमोर आणून ठेवला. मग त्याच हातानं आतल्या माठावरचं झाकण काढलं, स्टीलचा छोटा गिलास आत बुडवला आणि पोरीच्या हातात दिला. कागद देवघरात जाऊन पाच मिनिटंही झाली नव्हती. आत्यानं हे मुद्दाम केलं नाही. तिच्या हाताला एवढंच माहीत होतं.

माझा आवाज चढला नाही, कसा कोण जाणे. मी म्हटलं, आत्या, तिला जारचं दे.

"ती काय पाव्हणी हाय का?" आत्या म्हणाली.

अगदी सहज म्हणाली, थोडं हसूनसुद्धा. मी माझ्या समोरच्या गिलासाकडं बघितलं, खाली बशी धरलेल्या. या घरात मी सहा वर्षं त्या माठातलं पाणी प्याले होते. तेव्हा मी घरची होते. उदगीरला गेले, शिकले, नांदेडहून पिशवी घेऊन यायला लागले, तेव्हा कुठं माझ्यापुढं जारचं पाणी आलं. राग आला, पण तो कुणावर काढावा ते मला पहिल्यांदाच कळेना.

"मी तरी कुठं पाहुणी होते गं?" मी म्हटलं.

आत्यानं माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडाकडं बघितलं, दातांकडं, आणि मी हात वर नेला नाही. मग म्हणाली, तवा जार नव्हता बाई. आणि वाकून तिनं पोरीच्या हातातला गिलास काढून घेतला, पाणी दारातल्या जास्वंदीला ओतलं, गिलास जारखाली धरून भरला आणि तिला दिला. पोरीनं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि पाणी अंगणात थुंकलं. ह्ये पानी न्हाई म्हणाली, आणि माठाकडं पळाली.

आत्या तिच्या आधी पोचली. माठावर झाकण ठेवून त्याला पाठ लावून ती खाली बसली. पोरगी तिच्या पदराला ओढत दिवे लागेपर्यंत रडली, आणि आत्या तिथून उठली नाही.